कोल्हा व कोळसुंदा : दंतरचना आणि आहार

श्वानकुलातील बहुतेक प्राण्यांना ४२ दात असतात. वरच्या जबड्यात २०, खालच्यात २२. कोकणच्या कांदळवनांत व गावांच्या कडेला वावरणारा कोल्हा (कॅनिस ऑरियस) याच साच्याचा. सह्याद्रीच्या जंगलातील कोळसुंदा किंवा रानकुत्रा (क्यूऑन अल्पायनस) याला मात्र ४०च दात असतात, कारण खालच्या जबड्यातील तिसरी दाढ दोन्ही बाजूंना नसते.

वरची चौथी उपदाढ (सुळा व दाढा यांच्या मधल्या दातांपैकी शेवटचा) व खालची पहिली दाढ यांच्या कडा कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकींवरून जाऊन मांस कातरतात. फरक खरा दिसतो तो खालच्या दाढेच्या मागच्या भागात, म्हणजे टाचेत. कोल्ह्याच्या टाचेवर दोन उंचवटे व मध्ये खळगा असतो. खेकड्याचे कवच, बोराची आठळी, उंदराची हाडे तेथे चिरडली जातात. कोळसुंद्याच्या टाचेवर एकच धारदार उंचवटा असतो. चिरडण्याची जागा घटते आणि कातरणारी कड लांबते. शिवाय तोंड आखूड असल्याने सुळे जबड्याच्या सांध्याजवळ येतात व तरफेच्या नियमाने चावा जोरकस होतो. १२ ते २० किलोंचा हा प्राणी कळपाने सांबर पाडतो. भेकर, रानडुकराची पिल्ले हेही त्याचे भक्ष्य.

अशी एकधारी टाच आफ्रिकी रानकुत्र्यात व दक्षिण अमेरिकेतील झुडपी कुत्र्यातही आढळते. तेवढ्यावरून अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ सिम्प्सन यांनी १९४५ मध्ये तिघांना एका उपकुलात घातले. हे वर्गीकरण आता सहसा स्वीकारले जात नाही. कुत्र्याच्या जनुकसंचाबरोबर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वंशवृक्षात झुडपी कुत्रा दक्षिण अमेरिकी शाखेत, तर उरलेले दोघे लांडगा-कोल्ह्यांच्या जवळ येतात. म्हणजे झुडपी कुत्र्यात तरी ही टाच स्वतंत्रपणे उद्भवली असावी. उरलेल्या दोघांचा पूर्वज एक होता, असे जीवाश्मांच्या आधारे काही अभ्यासक मानतात. हा जीवाश्मांचा पुरावाही निर्णायक म्हणता येत नाही.

दातांवरून आहाराची शक्यता कळते, रोजचे खाणे नव्हे. मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी कोल्हा कचऱ्यावरही पोट भरतो.

याच कुलातील खोकड व लांडगा हे मुख्यतः घाटमाथ्यापलीकडच्या माळरानांचे प्राणी. खोकडाचा जबडा लांबट व नाजूक असून कीटक, उंदीर टिपण्यास सोयीचा असतो.

सापडलेली कवटी ओळखताना केवळ दातांची संख्या मोजणे धोक्याचे, कारण शेवटची दाढ कोल्ह्यात व गावठी कुत्र्यातही क्वचित उगवतच नाही. खालच्या पहिल्या दाढेची टाच पाहणे अधिक खात्रीचे.