हाडात गेलेल्या कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी सेकंड ओपिनियन हवंय? फाइल पाठवण्याआधी हे वाचा

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर हाडात गेलाय, ऑपरेशन करावं का, असं विचारत फाइल येते आणि उघडून बघावं तर एक्सरेचा मोबाईलवर काढलेला फोटो, फिल्म खिडकीला धरलेली आणि ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका पोखरलेल्या जागेवर. असा फोटो आम्ही सर्जनकडे पाठवत नाही, परत करतो. काहीजण चिडतात, साहजिक आहे, पण कारण ऐका.

या स्टेजला हाडाचं ऑपरेशन सहसा कॅन्सर समूळ काढायला नसतं. हाड मोडू नये, मोडलंच असेल तर पेशंटला उभं राहता यावं, दुखणं कमी व्हावं, मणक्यात मज्जारज्जूवर दाब असेल तर तो निघावा, यासाठी असतं (हाडात एकच गाठ आणि बाकी कुठे काही नाही अशा मोजक्या केसेसमध्ये तेवढा भाग काढण्याचाही विचार होतो). मांडीच्या हाडात आधीच रॉड टाकायचा का हे ठरवताना सर्जन मिरेल्स स्कोअर बघतात, म्हणजे जागा कुठली, दुखतं किती, हाड विरघळलंय की उलट घट्ट झालंय आणि जाडीचा किती भाग गेलाय, प्रत्येकाला १ ते ३ मार्क, जास्तीत जास्त १२. ९ किंवा वर गेला की मोडायची वाट न बघता आधार द्यायचा विचार होतो. आता एक तृतीयांश गेलाय की दोन तृतीयांश, हे तिरक्या फोटोवरून कोण सांगणार?

म्हणून एक्सरेची सीडी किंवा सेंटरने दिलेली डायकॉम लिंकच (मूळ डिजिटल इमेज उघडणारी) पाठवा, नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. एक्सरे अख्ख्या हाडाचा हवा, समोरून आणि बाजूने, दोन्ही टोकांचे सांधे दिसतील असा. दुखतं खुब्यात, पण दुसरी गाठ गुडघ्याच्या वर असली आणि रॉड तिच्या अलीकडेच संपला तर हाड तिथे मोडू शकतं.

पिशवी काढली तेव्हाचा बायॉप्सी रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) लागतात, कितीही जुने असले तरी. हाडात एकच गाठ असेल तर सर्जन आधी तिचीच बायॉप्सी मागतात. घरच्यांना वाटतं उगाच वेळ चाललाय, पण ती हाडाचाच वेगळा कॅन्सर निघाली आणि आत रॉड गेलेला असला तर पेशी हाडभर पसरू शकतात, मग उपचार फारच अवघड होतो.

आधी शेक (रेडिएशन) झाले असतील तर कुठे आणि किती डोस तेही लिहा. हाडाच्या ऑपरेशननंतर जखम भरली की बहुतेकदा त्या जागेला रेडिएशन देतात, त्यामुळे आमच्याकडे सर्जनसोबत रेडिएशनच्या डॉक्टरांचंही मत एकाच वेळी घेतलं जातं, दोनदा फाइल फिरवावी लागत नाही.

पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर मात्र आम्हाला मेसेज करत बसू नका, त्याच क्षणी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, फाइल नंतर बघू.

आणि सीडी घरच्या कॉम्प्युटरवर उघडत नसेल तर स्क्रीनचे फोटो काढू नका, सीडी तशीच कुरिअर करा, आम्ही उघडून घेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.