मॉर्टिसिंग मशीनची पटाशी बाहेरून घासू नका

मॉर्टिसिंग मशीनने लाकडात चौकोनी भोक पाडताना धूर निघाला, पटाशी अडकली, की ‘ग्राइंडरवर बाहेरून चारही बाजू घासून आण’ हा सल्ला सुतारकामात वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. या पोकळ पटाशीची धार आतल्या उतारावर असते. बाहेरून घासली की तिचं माप कमी होतं, टोक निमुळतं होतं आणि ती भोकात जास्तच घट्ट बसते. आतला उतार शंकूच्या आकाराच्या दगडाने हाताने फिरवून घासा. बाहेरच्या बाजू सपाट दगडावर फक्त एक-दोनदा ओढा, कडेला आलेली धातूची बारीक लव निघण्यापुरत्या.

आणि धूर बऱ्याचदा धारेमुळे नसतोच! पटाशीच्या पोकळीत फिरणारं गिरमिट (भोक पाडणारं ड्रिल) पटाशीला घासत असतं. पटाशी बसवताना तिचा खांदा आणि मशीन यांच्यात रुपयाचं नाणं धरा, गिरमिट पटाशीला टेकेपर्यंत वर सरकवून आवळा, मग नाणं काढून पटाशी वर ढकला. गिरमिट साधारण दीड मिलिमीटर खाली राहतं, भुसा मोकळा निघतो. पटाशी आवळण्याआधी ती लाकूड टेकवायच्या मागच्या पट्टीला समांतर आहे ना, हे गुण्याने बघाच. नाहीतर भोकांची रांग करवतीच्या दात्यांसारखी दिसते.