मापं तीच, मग होमरन गेले कुठे?

नेब्रास्का राज्यातलं ओमाहा हे आपल्याकडच्या शेअरबाजारवाल्यांना वॉरन बफेंचं गाव म्हणून ठाऊक असतं. अमेरिकेतल्या कॉलेजात बेसबॉल खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यात मात्र ते नाव वेगळ्याच कारणाने बसलेलं असतं. 1950 पासून कॉलेज बेसबॉलची शेवटची मोठी स्पर्धा, कॉलेज वर्ल्ड सिरीज, तिथेच भरते. कोरोनाचं 2020 साल सोडलं, तर खंड नाही. आठ संघ, जूनचा उकाडा आणि गच्च भरलेली गॅलरी.

2010 पर्यंत ही स्पर्धा रोझेनब्लॅट स्टेडियमवर व्हायची. 1948 मध्ये उघडलेलं, पुढे शहराच्या एका माजी महापौरांचं नाव मिळालेलं, टेकडीवरचं हे मैदान. शेजारी प्राणिसंग्रहालय. डागडुजी करत, मजले चढवत साठ वर्षं काढली. शेवटी शहराने हिशोब मांडला आणि जुन्याला ठिगळं लावण्यापेक्षा शहराच्या मध्यभागी नवं बांधायचं ठरवलं. खर्च 13 कोटी 10 लाख डॉलर, आसनं 24 हजार. 2011 च्या एप्रिलमध्ये तिथे पहिला सामना झाला. क्रेटन विद्यापीठाच्या संघाचंही हेच घरचं मैदान. तेव्हा नाव होतं टीडी अमेरिट्रेड पार्क, आता चार्ल्स श्वाब फील्ड.

बांधणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम जपली. होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथून, कुंपणाचं अंतर दोन्ही कडांना 335 फूट, दोन्ही बाजूंच्या खोल भागात 375 आणि बरोबर समोर 408. मीटरमध्ये सांगायचं तर 102, 114 आणि 124. जुन्या मैदानाची मापं अगदी हीच होती. म्हणजे घर नवं, पण ओट्यापासून देव्हाऱ्यापर्यंतची पावलं तेवढीच.

आणि तरीही खेळ बदलला. 2010 ला जुन्या मैदानावरच्या शेवटच्या स्पर्धेत 32 होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे, आपल्या षटकारासारखा) लागले होते. 2011 ला नव्या मैदानावर 9. त्यानंतर 10. मग 2013 ला संपूर्ण स्पर्धेत 3 आणि 2014 लाही 3. याच स्पर्धेत 1998 मध्ये 62 होमरन पडले होते आणि अंतिम सामना 21-14 असा संपला होता, हे आठवणाऱ्या लोकांनी कपाळाला हात लावला. चेंडू उंच उडायचा, अख्खी गॅलरी उभी राहायची आणि कुंपणाला पाठ टेकून उभा असलेला क्षेत्ररक्षक तो आरामात हातमोज्यात घ्यायचा. पुन्हा सगळे खाली.

खापर अर्थातच मैदानावर फुटलं. आपल्याकडे नवी सून घरात आली आणि त्याच वर्षी पावसाने दडी मारली, की म्हातारी माणसं बोल सुनेलाच लावायची, तसं हे झालं. कारण 2011 मध्ये मैदानासोबत आणखी एक गोष्ट बदलली होती: बॅट.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडाचीच बॅट लागते, पण कॉलेजांना 1974 पासून अॅल्युमिनियमची बॅट चालते. लाकडी बॅट मोडते आणि दर मोसमात नव्या घेणं कॉलेजला परवडत नाही. (क्रिकेटमध्ये डेनिस लिली 1979 मध्ये पर्थला अॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला होता. तिथे भांडण झालं आणि नंतर नियमातच लाकूड आलं. बेसबॉलवाले इतके सोवळे नव्हते.) आता धातूच्या बॅटची गंमत तिच्या पोकळपणात आहे. चेंडू भरीव लाकडावर आदळतो तेव्हा लाकूड जवळजवळ दबत नाही. जे काही दबायचं ते चेंडूच दबतो, आणि बेसबॉलचा चेंडू दबून परत फुगताना बरीच ऊर्जा आतल्या आत उष्णतेत घालवतो. पोकळ नळीची पातळ भिंत मात्र किंचित आत जाते आणि लगेच बाहेर येते. चेंडू आणि बॅट एकमेकांना टेकलेले असतात तो काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका, पण तेवढ्यात ती भिंत स्प्रिंगसारखं काम करून जाते. चेंडूला कमी दबावं लागतं, कमी ऊर्जा वाया जाते आणि तो जास्त वेगाने सुटतो. ताणलेल्या चादरीवर उडी मारणं आणि फरशीवर उडी मारणं यातला हा फरक.

यातून पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, तोंडावर चेंडू येण्याचा धोका वाढला, म्हणून 2011 पासून नवा नियम आला. प्रयोगशाळेत आसावर फिरू शकेल अशी बॅट बसवायची, हवेच्या तोफेतून तिच्यावर चेंडू मारायचा आणि तो कितीने परत येतो ते मोजायचं. त्यावरून एक गुणांक निघतो. तो 0.50 च्या वर गेला की बॅट बाद. ही मर्यादा साधारण चांगल्या लाकडी बॅटइतकीच आहे. म्हणजे बॅट धातूची राहिली, पण तिची स्प्रिंग काढून घेतली.

मग होमरन कुणी खाल्ले? बॅटने की मैदानाने? एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की शास्त्रज्ञाची पंचाईत होते. दोन औषधं एकदम घेतली आणि ताप उतरला, तर कुठल्या औषधाने, हे सांगणार कसं? इथे सुदैवाने तुलनेला साधन होतं. नवी बॅट सगळ्या देशात आली होती, नवं मैदान फक्त ओमाहात. म्हणून देशाचे आकडे बघायचे. पहिल्या श्रेणीच्या कॉलेज संघांत एका संघामागे एका सामन्यात 2010 ला सरासरी 0.94 होमरन होते. 2011 ला 0.52 झाले, 2014 पर्यंत 0.39.

ओमाहाच्या स्पर्धेत, तिच्या रचनेमुळे, 14 ते 17 सामने होतात. प्रत्येक सामन्यात दोन संघ, म्हणजे संघांच्या हिशोबाने 28 ते 34 वेळा. 2010 च्या देशाच्या सरासरीने तिथे 26 ते 32 होमरन अपेक्षित होते, आणि लागले 32. जुन्या मैदानाची तक्रार करायला जागाच नाही. 2011 ला सरासरीने 15 ते 18 यायला हवे होते, आले 9. आणि 2014 ला 11 ते 13 ऐवजी 3. म्हणजे बॅटने मोठा घास घेतला हे खरं, पण त्याच्या खाली आणखी कुणीतरी ताटात हात घातलेला दिसतो. एवढ्या थोड्या सामन्यांवरून छातीठोक बोलू नये हे मान्य. शिवाय इथवर पोचलेल्या आठ संघांचे पिचर देशातल्या सरासरीपेक्षा सरसच असणार. पण ते 2010 मध्येही सरस होतेच की!

तर मैदानात असं होतं काय? कुंपण नाही, ते तेवढंच होतं. दिशा आणि वारा.

बेसबॉलच्या नियमपुस्तकात एक मजेशीर शिफारस आहे: होम प्लेटकडून दुसऱ्या बेसकडे (धावणाऱ्याचा दुसरा थांबा, फलंदाजाच्या बरोबर समोर) जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी. दुपारनंतरचं ऊन फलंदाजाच्या पाठीकडे राहावं म्हणून. क्रिकेटचं पिच उत्तर-दक्षिण घालतात त्यामागेही हेच शहाणपण. 2019 च्या जानेवारीत न्यूझीलंडच्या नेपिअरला भारताचा एकदिवसीय सामना चक्क मावळत्या सूर्यामुळे थांबला होता, कारण तिथलं पिच पूर्व-पश्चिम आहे. पावसाने सामना थांबलेला आपण शंभरदा पाहिला, सूर्याने थांबलेला पहिल्यांदाच.

ओमाहाचं नवं मैदान साधारण आग्नेयेला तोंड करून आहे. जूनमध्ये तिथे सूर्य वायव्येच्या बाजूला मावळतो, त्यामुळे फलंदाजाच्या डोळ्यांची सोय झाली. वाऱ्याची मात्र झाली नाही. उन्हाळ्यात त्या सपाट मुलखात मेक्सिकोच्या आखाताकडून दमट वारा वर चढतो. तो दक्षिणेचा नाहीतर आग्नेयेचा असतो. आता कागदावर चौकोन काढून बघा. मैदान आग्नेयेला तोंड करून असेल, तर उजवीकडची कड साधारण दक्षिणेला जाते. म्हणजे दक्षिणेचा वारा उजव्या कुंपणावरून थेट फलंदाजाकडे येतो आणि आग्नेयेचा वारा बरोबर समोरून. होमरनच्या वाटेवर जणू पोलिसांची नाकाबंदी.

याची किंमत किती? कुंपणापर्यंत जाणाऱ्या उंच फटक्याला समोरून ताशी 1 मैलाचा वारा साधारण 3 ते 4 फूट मागे खेचतो. ताशी 10 मैल म्हणजे 16 किलोमीटर, ज्याला आपण 'बरी झुळूक आहे' म्हणतो, तेवढ्याने 30 ते 40 फूट गेले. 380 फुटांचा फटका 345 वर खाली. (दमट हवा 'जड' असते म्हणून चेंडू कमी जातो, हा समज मात्र खोटा. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजनच्या रेणूपेक्षा हलका असतो, त्यामुळे दमट हवा उलट किंचित विरळ असते. घामाने जड होतो तो आपला सदरा.)

आणि होमरन ही उंबरठ्याची गोष्ट आहे. कुंपणाच्या एक वीत अलीकडे पडला तर झेल, पलीकडे पडला तर धावा. 330 फुटांवर पडणारे फटके पुष्कळ असतात, 380 वर त्याहून कमी, 420 वर मोजके. म्हणून उंबरठा वीस फूट सरकला तर होमरन पाच टक्क्यांनी नाही, कितीतरी पटीत कमी-जास्त होतात. दहावीला 35 ऐवजी 40 ला उत्तीर्ण ठरवलं तर निकाल किती घसरेल, हे कुठल्याही गणिताच्या मास्तरांना विचारा.

या दुष्काळावर उपाय काय? कुंपण अलीकडे घ्या, असा गलका झाला. पण कुंपण हलवून एकच मैदान सुधारलं असतं, आणि होमरन तर देशभर आटले होते. म्हणून ठरलं की चेंडू बदलायचा, तोही शिवणीपुरता. कॉलेजच्या चेंडूची शिवण 0.048 इंच उंच असायची, ती 0.031 इंचावर आणली. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, बोटाच्या नखाच्या जाडीएवढा.

आपल्याला हे पटायला जड जाऊ नये. एसजीच्या हाताने शिवलेल्या चेंडूची उठावदार शिवण आणि कुकाबुराची लवकर चपटी होणारी शिवण यावर आपण चहाच्या टपरीवर तासभर वाद घालतो. बेसबॉलमध्ये प्रश्न स्विंगचा नव्हता, अंतराचा होता. उंच शिवण चेंडूला चिकटून वाहणारी हवा लवकर सोडवते, चेंडूमागे भोवऱ्यांची रुंद शेपटी तयार होते आणि ती चेंडूला मागे ओढते. शिवण बसकी केली की ओढ कमी. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दोन्ही चेंडू ताशी 95 मैल वेगाने, 25 अंशांच्या कोनात, सारखीच उलटी फिरकी देऊन सोडले. उंच शिवणीचा चेंडू 367 फूट गेला, बसक्या शिवणीचा 387.

वीस फूट! ताशी पाच-सहा मैलांचा विरुद्ध वारा नखाएवढ्या दोऱ्याने भरून काढला.

2015 मध्ये नवा चेंडू आला. देशाची सरासरी 0.56 वर गेली आणि ओमाहात 15 होमरन पडले. आधीच्या वर्षाच्या पाचपट, आणि या वेळी देशाच्या सरासरीच्या अगदी हाताशी. कुंपण इंचभरही हललं नव्हतं. अर्थात जूनच्या त्या दोन आठवड्यांत वारा कसा होता यावरही थोडं अवलंबून असणार. एका वर्षावरून वाऱ्याला निर्दोष सोडायला मी तरी तयार नाही.

पुढे 2023 च्या जूनमध्ये याच मैदानावर, अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात फ्लोरिडाने लुइझियाना स्टेटला 24-4 असं धुतलं. या स्पर्धेत एका सामन्यात कुठल्याही संघाने केलेल्या या सर्वाधिक धावा. दहा वर्षांपूर्वी 'इथे कुणाला होमरन मारता येत नाही' म्हणून बोटं मोडली जात होती, ते हेच मैदान. दुसऱ्याच दिवशी लुइझियाना स्टेटने 18-4 असा हिशोब चुकता करून चषक नेला.

रोझेनब्लॅट 2012 मध्ये पाडलं. ती जागा प्राणिसंग्रहालयाकडे गेली आणि तिथे आता मैदानाची छोटी आठवण जपली आहे. हत्ती-जिराफ बघून दमलेली पोरं तिथे येऊन बेसवरून धावतात.