पोलीस गस्ती वाहनांवरील दिवे (भारत)

गस्तीच्या पोलीस गाडीवर कोणत्या रंगाचे दिवे असावेत, ते केव्हा लावावेत आणि रात्री गाडी किती अंतरावरून दिसावी, याच्या तरतुदी मुख्यतः केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत. नियम १०५ सर्व वाहनांच्या साध्या दिव्यांचा, तर नियम १०८ टपावरच्या रंगीत दिव्यांचा.

नियम १०५ मधून पोलीस गाडी सुटत नाही. पुढच्या दिव्यांच्या उजेडात १५५ मीटरवरची माणसे आणि वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. मागचा तांबडा दिवाही तितक्याच अंतरावरून दिसायला हवा आणि मागची नंबरप्लेट रात्रीही वाचता यायला हवी. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी १५५ मीटर अंतर सुमारे ७ सेकंदांत कापते. चालकाच्या हाती तेवढाच वेळ असतो. म्हणून गस्तीवर निघण्याआधी मागचे साधे दिवे पुसणे आणि तपासणे टपावरच्या झगमगाटाइतकेच महत्त्वाचे आहे.

टपावरचा दिवा पूर्वी मानाचा मानला जाई. अभयसिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१३ रोजी लाल दिव्याचा वापर मोजक्या घटनात्मक पदांपुरता आणला. पोलीस आणि तातडीच्या सेवांनी लाल सोडून निळे, पांढरे किंवा बहुरंगी दिवे वापरावेत, असेही सांगितले. १ मे २०१७ च्या दुरुस्तीने मान्यवरांचे दिवे पूर्णपणे गेले. आता तांबडा, निळा आणि पांढरा असा बहुरंगी दिवा अग्निशमन, आपत्ती निवारण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामावरील पोलीस, संरक्षण व निमलष्करी वाहनांनाच लावता येतो. परवानगी कोणाला आहे, ते राज्याच्या परिवहन विभागाने दरवर्षी जाहीर सूचनेने कळवायचे असते. या दुरुस्तीचे मर्म एका अटीत आहे: नेमून दिलेल्या कामावर नसताना दिवा लावायचा नाही. हा अधिकार गाडीचा किंवा आत बसलेल्या अधिकाऱ्याचा नाही, कामाचा आहे.

वाटेचा अग्रहक्क केवळ दिव्याने मिळत नाही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या विनियमांनुसार लुकलुकता दिवा आणि बहुसुरी भोंगा दोन्ही चालू हवेत. क्रमात अग्निशमन गाडी आणि रुग्णवाहिका पोलिसांच्या आधी येतात. तातडीच्या वाहनाला वाट न दिल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ई नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

नियम १०८ रंग आणि प्रसंग ठरवतो, पण लुकलुकण्याचा वेग किंवा रात्रीची तीव्रता ठरवत नाही. ही उणीव गंभीर आहे. अंधारात डोळ्याची सर्वाधिक संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावरून ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळ्याच्या बाजूला सरकते. त्यामुळे दिवसा फिका वाटणारा निळा एलईडी रात्री डोळे दिपवतो. युरोपात लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या विनियम ६५ मध्ये सेकंदाला २ ते ४ वेळा लुकलुकण्याची मर्यादा आहे, आणि दिवसासाठी तीव्र व रात्रीसाठी मंद अशा दोन पातळ्यांच्या दिव्यांची सोयही आहे. आपल्याकडे लाइटबार (टपावरची दिव्यांची पट्टी) खरेदी करतानाच रात्रीची मंद पातळी मागून घेणे हाच उपाय उरतो.

नाकाबंदीत किंवा अपघातस्थळी गाडी उभी असते तेव्हा तीव्र आणि मंद उजेडातला हा फरक जिवावर बेततो. पूर्ण तेजात लुकलुकणाऱ्या पट्टीशेजारी उभा असलेला हवालदार येणाऱ्या चालकाला दिसतच नाही. अशा वेळी पट्टी मंद पातळीवर आणावी आणि पांढरे दिवे बंद करावेत. समोरून येणाऱ्यांसाठी हेडलाइट डिपरवर ठेवावेत. अंगावर रेडियमच्या पट्ट्यांचे जाकीट हवेच, कारण रेडियम प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवते आणि माणसाची आकृती दाखवते. धुक्यातही पांढरी झगमग आधी बंद करावी. धुक्याचे कण तो उजेड उलट गाडीच्याच चालकाच्या डोळ्यांत फेकतात.

नेहमीचे बिघाड साधे असतात. मागचा दरवाजा वर उचलला की टपावरची पट्टी मागून झाकली जाते. म्हणून दरवाजाच्या आतल्या कडेला वेगळे लुकलुकते दिवे बसवावे लागतात. उन्हाने पॉलिकार्बोनेटचे आवरण पिवळे पडते आणि निळा रंग मळतो. इंजिन बंद ठेवून पट्टी, वायरलेस आणि सर्चलाइट तासन्‌तास चालवले तर बॅटरी उतरते आणि पाठलागाच्या वेळी गाडी सुरूच होत नाही. ठरावीक व्होल्टेजखाली पट्टीचा वीजपुरवठा आपोआप तोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवला की ही अडचण टळते.

खासगी गाडीला तांबडा-निळा फ्लॅशर लावणे बेकायदा आहे. पुढे तांबडा उजेड दाखवण्यास नियम १०८ मध्येच मनाई आहे, आणि परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक फेरबदलासाठी गाडीमालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए नुसार ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.