पेट्रोल पोचत नाही, की पेट्रोल ओव्हर झालंय? बंद पडलेल्या बोटीच्या मोटरचा घोळ

कृष्णेला पाणी आलं आणि कल्लोळ-यडूरचा पूल बुडाला की बेळगाव जिल्ह्यात चिक्कोडी, अथणी, रायबाग, कागवाडकडं बोटी बाहेर निघतात. २०१९ च्या ऑगस्टात हेच झालं, २०२१ च्या जुलैतही हेच. आणि दर खेपेला मधल्या धारेत कुठली तरी मोटर आचके देत बंद पडते. मग सगळे मिळून तिच्यावर तुटून पडतात. चोक ओढ, पेट्रोलच्या पाइपातला रबरी फुगा दाब, दोरी ओढ, परत चोक. काठावरून कुणीतरी ओरडतोच, "प्लग बदला, प्लग!" बोटीत म्हातारी माणसं आणि लेकरं बसलेली असताना हा आंधळा खटाटोप बघवत नाही. इंजिनला पेट्रोल मिळत नाहीये की नको तेवढं मिळालंय, हे ठरवल्याशिवाय दोरीला हात लावण्यात अर्थ नाही. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या नेमके उलटे आहेत.

आधी बोट सांभाळा. नांगर टाका, झाड धरा, नाहीतर वल्ही घ्या. मग लाल दोरीची क्लिप (ती निघाली की इंजिन बंद पडतं) जागेवर आहे का आणि गिअर न्यूट्रलला आहे का ते बघा. मोटर चालू करायची दोरी जागची हलतच नसेल तर ओढाताण अजिबात करू नका. पाण्यातल्या पंख्यात पाचट, जलपर्णी किंवा जाळ्याचा तुकडा गुंडाळून गिअर अडकला असेल, नाहीतर इंजिन तापून जाम झालं असेल. बंद पडण्याआधी मागची, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार थांबली होती का, हे बोटीतल्यांना विचारा. थांबली असेल तर ते तापण्याचं प्रकरण आहे, त्याचा पेट्रोलशी संबंध नाही.

पेट्रोल ओव्हर होणं तुम्हाला नव्यानं सांगायला नको. जुनी टू-स्ट्रोक स्कूटर वापरलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे: वास मारतो, प्लग ओला निघतो, किका मारून पाय दुखतात. बोटीच्या कार्बोरेटरवाल्या मोटरलाही तोच नियम लागू. चोक आत ढकललेला, फुग्याला हात नाही, न्यूट्रलमध्ये जेवढा उघडेल तेवढा थ्रॉटल उघडून दोरी ओढायची. नाहीच झालं तर प्लग काढून पुसायचे, क्लिप काढून ठेवायची म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि मोकळ्या इंजिनची दोरी चार-सहा वेळा ओढून आतलं पेट्रोल बाहेर काढायचं. वरचं कव्हर उघडं ठेवा, वाफ निघून जाऊ द्या, आणि तोवर बोटीत बिडी-सिगरेट कुणाच्याही हातात नको.

लोक अडकतात ते दुसऱ्या प्रकारात, कारण दुचाकीवर हा प्रकार सहसा येत नाही. तिथं टाकी वर असते आणि पेट्रोल आपोआप खाली उतरतं. बोटीत टाकी खाली पायाशी असते. इंजिनचा पंप तिथून पेट्रोल ओढून घेतो. टाकीच्या बुचावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. टाकी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आणताना सांडू नये म्हणून तो घट्ट आवळतात, ते बरोबरच आहे. पण नदीवर आल्यावर तो सैल करायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

मोटर चालू होते, झकास पळते. पेट्रोल कमी होत जाईल तशी टाकीत हवा यायला वाटच नसते. आतून ओढ वाढत जाते आणि इंजिन उपाशी पडतं. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर हे अजून लवकर होतं, कारण वर हवेला जागाच थोडी असते. थोडा वेळ थांबलात तर कुठून तरी हवा शिरते, मोटर परत लागते, जराशी चालते आणि पुन्हा बसते. यालाच लोक "गरम झाली होती, गार झाल्यावर लागली" म्हणतात.

खरी गोष्ट फुगा सांगतो. पाइपातला तो रबरी फुगा नुसता दाबू नका, हातात धरून बघा. चपटा झालाय आणि सोडल्यावर परत फुगत नाही? मग टाकीच्या बाजूला अडलंय: हवेचा स्क्रू बंद आहे, टाकीतली जाळी तुंबलीय, किंवा पाइप कुणाच्या तरी पायाखाली दुमडलाय. फुगतोय, पण कितीही दाबला तरी मऊच राहतो? टाकीत पेट्रोल आहे का बघा. असेल तर जोडणीतली रबरी रिंग गेली असेल आणि पेट्रोलऐवजी हवा ओढली जात असेल, किंवा फुग्यातले वाल्व्ह गेले असतील. दाबताना त्याच्यावरचा बाण इंजिनकडं आणि इंजिनकडचं टोक वर धरलेलं असू द्या. फुगा टणक झाला, तर पेट्रोल इंजिनपर्यंत पोचलंय. तिथून पुढं एकदाही दाबू नका. आणखी एक खूण: मोटर मरायला लागल्यावर कुणी फुगा दाबत राहिलं आणि ती तगली, तर ती उपाशीच होती.

घोळ वाढतो तो इथंच. उपाशी मोटरला आपण चोक देतो, फुगा दाबतो, दोरी ओढतो. एवढ्यात कुणाच्या तरी लक्षात येऊन स्क्रू उघडला जातो. आता पेट्रोल धाडधाड येतं, वर चोक ओढलेलाच असतो, आणि उपाशी मोटर ओव्हर होऊन बसते. म्हणून स्क्रू उघडल्यावर चोक आधी आत ढकला. हाच स्क्रू उलटाही खेळ करतो. बंद टाकी उन्हात राहिली की आत दाब तयार होतो. तसाच पाइप जोडलात तर पेट्रोल कार्बोरेटरमध्ये जोरानं घुसतं आणि मोटर चालू व्हायच्या आधीच ओव्हर होते. टाकी उतरवल्यावर आधी स्क्रू सैल करा, मग पाइप जोडा. उलट क्रम मला चालत नाही.

प्लग बघायची वेळ यानंतर. तो कोरडा असेल तर पेट्रोल आलेलं नाही. ओला असेल तर मात्र घाईनं निकाल देऊ नका. ठिणगीच पडत नसेल तरी प्लग ओलाच निघतो, आणि पाणी असलं तरीही. प्लगचं टोक तळहातावर टेकवा. पेट्रोल गार लागतं आणि उडून जातं, टू-स्ट्रोक असेल तर मागं तेलाचा पातळ थर राहतो. पाण्याचा थेंब तसाच उभा राहतो. पाणी दिसलं तर हातातलं काम थांबवून टाकी बदला.

हे पाणी बऱ्याचदा जुन्या पेट्रोलचं असतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच भागातल्या उसापासूनही तयार होणारं हे इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि जुन्या धाटणीच्या रबराला ते मानवतही नाही. गेल्या पावसाळ्यातलं टाकीत राहिलेलं पेट्रोल पुराच्या दिवशी वापरणं मला अजिबात मान्य नाही. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, पाइप काढून मोटर पाण्याच्या बादलीत वा ड्रममध्ये बंद पडेपर्यंत चालवा, कार्बोरेटरचा तळाचा स्क्रू उघडून उरलेलं पेट्रोल काढून टाका. फुगा चिरलेला किंवा कडक झालेला दिसला तर मृगाच्या आधी बदला, आणि जोडणीतली रबरी रिंगही त्याच वेळी नवी घाला.