रिमोट कमांड एकाच मशिनवर का लटकते: पार्श्वभूमी

एकच स्क्रिप्ट दहा मशिनवर पाठवली. नऊ ठिकाणांहून क्षणात उत्तर आलं, दहाव्या ठिकाणी कर्सर नुसता लुकलुकत राहिला. एरर नाही, आउटपुट नाही. एरर आली असती तर निदान शोध कुठून सुरू करायचा ते कळलं असतं. संशय त्या मशिनवर जातो आणि तो रास्तच आहे. पण काही न बोलता वाट पाहत बसण्याचा हा स्वभाव त्या मशिनचा नाही, तो विचारपूर्वक ठरवला गेला होता.

झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रातल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी 1984 साली रिमोट प्रोसिजर कॉलच्या बांधणीवर निबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्या मशिनवरचं फंक्शन आपल्याच मशिनवर असल्यासारखं वापरता यावं, हा उद्देश. मग उत्तर येईपर्यंत किती थांबायचं? त्यांनी मर्यादाच ठेवली नाही. पलीकडचं मशिन जिवंत आहे का, हे मधूनमधून विचारायचं. ते कोसळलं किंवा संपर्क तुटला तर कॉल सोडून द्यायचा. मशिन चालू आहे पण आतला प्रोग्रॅमच अडकलाय, तर मात्र थांबून राहायचं, कारण आपल्या मशिनवरचं फंक्शन अडकलं तरी हेच होतं. तर्क बिनतोड होता, त्रास नंतर वापरणाऱ्यांना झाला. 1994 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी जवळचं आणि दूरचं एकसारखं मानणंच चूक आहे, असं ठणकावून मांडलं. तोवर कितीतरी साधनं त्याच समजुतीवर उभी राहिली होती.

बर्कली युनिक्समधली आरएसएच, म्हणजे दुसऱ्या मशिनवर कमांड चालवायची सोय, त्याच काळातली. तिची एक खोड होती: एरर संदेशांसाठी सर्व्हर उलट बाजूने, म्हणजे कमांड पाठवणाऱ्याकडे, दुसरी जोडणी उघडायचा. पुढे फायरवॉल, म्हणजे नको ती जोडणी रोखणाऱ्या भिंती, आल्या आणि अशी उलटी जोडणी अडवू लागल्या. ज्या मशिनच्या वाटेत फायरवॉल, तेवढंच लटकायचं.

1995 मध्ये फिनलंडच्या तातू यलोनेन यांनी एसएसएच हे आरएसएचची जागा घेणारं, संवाद सांकेतिक करून पाठवणारं साधन लिहिलं, ते विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यामुळे. सगळं एकाच जोडणीतून जाऊ लागलं आणि उलट्या जोडणीची कटकट संपली. दुसरी मात्र उरली. कमांडने मागे एखादी प्रोसेस सुरू केली आणि तिने आउटपुटचा पाइप (आउटपुट आपल्यापर्यंत आणणारी वाट) धरून ठेवला, तर कमांड संपूनही सेशन संपत नाही. एकाच मशिनवर असं का? बहुतेकदा इतर नऊ ठिकाणी ती सर्व्हिस आधीच चालू असते आणि इथे ती आपल्याच स्क्रिप्टने सुरू केलेली असते. इनपुट-आउटपुट दुसरीकडे वळवून प्रोसेस सुरू केली की सुटका होते.

नेटवर्कमधला सर्वांत फसवा प्रकार पॅकेटच्या आकाराचा. वाटेत किती मोठं पॅकेट मावतं हे शोधण्याची रीत 1990 च्या आरएफसी 1191 या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात ठरली, आणि ती ‘पॅकेट फार मोठं आहे’ असं परत कळवणाऱ्या आयसीएमपी संदेशावर (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणाऱ्या संदेशांचा हा प्रकार) विसंबून आहे. कुणी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलं, की 1500 बाइटची पॅकेटं व्हीपीएनच्या, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीच्या, बोगद्यात मुकाट गडप होतात. लॉगिन होतं, मशिनचं नाव विचारलं तर येतं, लांब यादी मागितली की शांतता. म्हणून आधी एका ओळीचं उत्तर देणारी कमांड पाठवावी, मग मुद्दाम भरपूर आउटपुट देणारी.

विंडोजवर वेगळीच गंमत. सिसइंटर्नल्स ही विंडोजची देखभाल करणारी मायक्रोसॉफ्टची साधनं पहिल्यांदा चालवली की परवाना मान्य करण्याची खिडकी उघडतात. रिमोट सेशनमध्ये ती कुणालाच दिसत नाही आणि प्रोग्रॅम ‘मान्य’ची वाट पाहत बसतो. ही नोंद युजरनिहाय राहते, त्यामुळे जिथे त्या खात्याने आधी होकार दिलाय तिथे सगळं सुरळीत. व्हिस्टापासून सर्व्हिसेस वेगळ्या सेशनमध्ये गेल्या, तेव्हा सर्व्हिसने उघडलेल्या अशा खिडक्या समोर बसलेल्यालाही दिसेनाशा झाल्या.

2009 च्या पॉवरशेल 2.0 मध्ये, म्हणजे विंडोजवर कमांड आणि स्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात, रिमोटिंग (दुसऱ्या मशिनवर कमांड चालवणं) आलं, सोबत मुदती आणि कोटेही. जोडणी उघडायला तीन मिनिटं, प्रत्येक शेलला 150 एमबी मेमरी. पुढच्या आवृत्तीत हाच कोटा 1024 एमबी झाला. तेव्हा मोठा इन्स्टॉलर एकाच जुन्या मशिनवर गुदमरत असेल तर आधी आवृत्ती पाहावी. आत चाललेल्या कमांडला मात्र अजूनही आपणहून मुदत नाही. ती जॉब, म्हणजे पार्श्वभूमीला चालणारं काम, म्हणून पाठवून वाट पाहण्याची मर्यादा आपणच घालायची. तेवढं करूनही एक मेख राहते: मर्यादा संपली म्हणून पलीकडची प्रोसेस मरत नाही. तशीच पुन्हा कमांड पाठवली, तर पहिल्या प्रतीने लॉक करून ठेवलेल्या फाइलसाठी दुसरीही थांबते. त्यामुळे पुन्हा पाठवण्याआधी त्या मशिनवरची प्रोसेसची यादी काढून आधीची प्रत बंद करावी.