काळवंडलेल्या पिनेचा हिशेब

ग्वाल्हेरची जानेवारीतली पहाट. लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरी काकू न्हाणीघरात बादलीत रॉड सोडते. यंदा ती वैतागली होती. "रॉड म्हातारा झाला रे. अर्धा तास झाला, पाणी अजून कोमटच." प्लग पाहिला, तर एक पिन काळवंडलेली आणि सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडलेलं.

रॉडवर छापलं होतं: २३० व्होल्ट, १५०० वॅट. व्होल्टेजला करंटने गुणलं की वॅट मिळतात. म्हणजे १५०० भागिले २३०, करंट साडेसहा अँपिअर. आणि व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, म्हणजे वीज वाहायला होणारा अडथळा मिळतो, इथे साधारण ३५ ओहम. आतली नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार तापली तरी हा रोध फारसा बदलत नाही, म्हणून तो भरवशाचा. जुन्या पिवळ्या बल्बचं तसं नसतं. १०० वॅटच्या बल्बचा रोध जळताना ५२९ ओहम, पण गार असताना मीटर जेमतेम चाळीसच्या आसपास दाखवतो.

वायरमनला बोलावलं. (चालू लाइनवर मोजमाप त्यानेच करावं.) मेन बोर्डावर २०४ व्होल्ट होते. रॉडचं टोपण उघडून वायरीच्या टोकांशी मोजले, तर १९०. वायरीभोवती चिमट्यासारखा लावायच्या क्लॅम्प मीटरवर करंट ५.४ अँपिअर. आता भागाकार करा: १९० भागिले ५.४, उत्तर पुन्हा ३५! रॉड ठणठणीत होता.

मग पाणी का तापेना? १९० गुणिले ५.४ म्हणजे फक्त १०२६ वॅट. व्होल्टेज १७ टक्के उतरलं, त्याबरोबर करंटही उतरला, आणि उतरलेल्या दोन्ही आकड्यांचा गुणाकार होऊन शक्ती ३२ टक्क्यांनी घटली. १५ लिटर पाणी १२ अंशांवरून ४५ वर न्यायला पूर्ण शक्तीने २३ मिनिटं लागतात, इथे ३४ लागत होती. बिलात मात्र बचत शून्य, कारण पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच.

वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजने जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहमलाही छळलं होतं. त्याच्या बॅटरीचा जोर मोजता मोजता ओसरायचा. शेवटी त्याने बिस्मथ आणि तांब्याचा जोड एका टोकाला तापवून, दुसऱ्याला गार ठेवून स्थिर व्होल्टेज मिळवलं, आणि १८२७ साली त्याचा हा व्होल्टेज-करंट-रोधाचा नियम ग्रंथरूपाने आला.

आता वाटेत हरवलेले १४ व्होल्ट. नऊ व्होल्ट जुन्या बारीक वायरिंगमध्ये गेले, पाच त्या एका ढिल्या पिनेपाशी. पाच भागिले ५.४, म्हणजे रोध पुरता एक ओहमही नाही. पण पाच गुणिले ५.४ म्हणजे २७ वॅट. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, आणि ती कथील वितळवते! इथे तेवढी उष्णता रोज पहाटे प्लास्टिकच्या खोबणीत कोंडली जात होती. त्यात सॉकेट ६ अँपिअरचं. व्होल्टेज कधी पूर्ण २३० आलंच, तर साडेसहा अँपिअर त्याला झेपणारे नव्हतेच.

आता जाड वायर, रॉडला नवा प्लग आणि १६ अँपिअरचं सॉकेट बसवलंय. रॉडपर्यंत २०१ व्होल्ट पोहोचतात, ११४५ वॅट मिळतात. वेळ वाचला तो चार मिनिटांचाच. पण बटण बंद करून प्लग उपसला की काकू पिनेला बोट लावून बघते. ती गार असते.